बर्लिनमध्ये सरकार कोणाचे? जर्मन युत्यांचे गणित स्वतः मांडण्याची रीत

जर्मनीत संसदेच्या निवडणुकीच्या रविवारी संध्याकाळी बरोबर सहा वाजता मतदान बंद होते आणि त्याच मिनिटाला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रंगीत खांब वर चढू लागतात. काळा खांब सर्वांत उंच गेला, की नव्याने पाहणाऱ्याला वाटते, झाले, यांचे राज्य आले. प्रत्यक्षात त्या क्षणी फक्त हिशेबाला आकडे मिळालेले असतात. सरकार बनायला त्यानंतर कधी दहा आठवडे लागतात, तर कधी जवळजवळ सहा महिने. एकाच गटाला निम्म्याहून अधिक मते मिळाल्याचे उदाहरण १९५७ चे एकच आहे आणि ते पहिले चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख आडेनाउअर यांच्या काळातले आहे. त्यामुळे कोण पहिला आला यापेक्षा कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसू शकतो, हा प्रश्न जर्मन राजकारणात मोठा ठरतो. म्युनिकला शिकायला आलेल्या, श्टुटगार्टमध्ये नोकरी करणाऱ्या किंवा पुण्यात बसून जर्मनीच्या बातम्या वाचणाऱ्या नवख्या वाचकाला हा हिशेब स्वतःच्या हाताने मांडता यावा, एवढ्यासाठी ही रीत लिहिली आहे. एक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ असावी. खोडरबर तर लागणारच.

पहिली पायरी: पक्ष आणि त्यांचे रंग

जर्मन वृत्तपत्रे पक्षांची नावे न घेता नुसत्या रंगांवर मथळे देतात, म्हणून रंग आधी पाठ करावेत. काळा रंग सीडीयू आणि सीएसयू या ख्रिस्ती लोकशाहीवादी जोडीचा, जिला मिळून ‘युनियन’ म्हणतात. लाल रंग एसपीडी या समाजवादी लोकशाहीवादी पक्षाचा, पिवळा एफडीपी या उदारमतवादी आणि उद्योगस्नेही पक्षाचा, हिरवा अर्थातच ग्रीन पक्षाचा, निळा एएफडी या अतिउजव्या पक्षाचा. ‘डी लिंके’ म्हणजे डावा पक्ष हाही लालच, पण दोन लालांचा गोंधळ होऊ नये म्हणून आलेखांत तो बहुधा जांभळा किंवा गडद गुलाबी दाखवतात. या डाव्या पक्षातून फुटून जानेवारी २०२४ मध्ये जारा वागेनक्नेश्त यांनी बीएसडब्ल्यू हा नवा पक्ष काढला.

यांत युनियनचे प्रकरण थोडे समजून घ्यायला हवे. सीएसयू फक्त बव्हेरियात निवडणूक लढवतो आणि सीडीयू बव्हेरिया सोडून उरलेल्या १५ राज्यांत; दोघे एकमेकांच्या अंगणात उतरत नाहीत आणि संसदेत एकच गट म्हणून बसतात. आपण ज्याला निवडणूकपूर्व युती म्हणतो, तशी पक्की चीज जर्मनीत एवढीच आहे. तरीही ते दोन वेगळे पक्ष आहेत, त्यांचे अध्यक्ष वेगळे आहेत आणि म्युनिकहून आलेला नकार बर्लिनच्या वाटाघाटी अडवू शकतो. म्हणून कागदावर बेरीज करताना युनियन एक धरावी आणि रुसवे-फुगवे मोजताना दोन धरावेत.

दुसरी पायरी: मतांचे जागांत रूपांतर

जर्मन मतदाराला दोन मते असतात. पहिले मत मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरे पक्षाच्या यादीला. नावावरून पहिले मत महत्त्वाचे वाटते, परंतु संसदेत म्हणजे बुंडेस्टागमध्ये कोणत्या पक्षाच्या किती जागा, हे दुसरे मत ठरवते. २०२३ च्या कायद्याने सभागृहाची संख्या ६३० वर बांधून टाकली आणि पक्षाला दुसऱ्या मतांनुसार जेवढ्या जागा मिळतात, त्यापलीकडे एकही देणे बंद केले. परिणामी २०२५ च्या निवडणुकीत २३ उमेदवार आपापल्या मतदारसंघात पहिले येऊनही संसदेत पोहोचले नाहीत. ‘पहिला आला तो आमदार’ या सवयीच्या आपल्या मनाला हे पटायला वेळ लागतो.

जागा वाटून घेण्याच्या पंक्तीत बसायला पक्षाला देशभरात ५ टक्के मते लागतात किंवा किमान तीन मतदारसंघ जिंकावे लागतात. २०२१ मध्ये डाव्या पक्षाला ४.९ टक्केच मते मिळाली होती, पण बर्लिनचे दोन आणि लाइपझिगचा एक मतदारसंघ हाती लागल्यामुळे त्याला ३९ जागा मिळाल्या. डॅनिश आणि फ्रिसियन अल्पसंख्याकांच्या एसएसडब्ल्यू या छोट्या पक्षाला मात्र ही अट लागू नाही. त्याचा एक खासदार सध्या सभागृहात आहे.

आता या पायरीचे मर्म. जे पक्ष उंबरठ्याबाहेर राहतात, त्यांची मते जागावाटपात धरली जात नाहीत, म्हणून बहुमताला ५० टक्के मते लागतातच असे नाही. २०२५ मध्ये अशी सुमारे १४ टक्के मते वाया गेली. एफडीपी ४.३ टक्क्यांवर बाहेर राहिला आणि बीएसडब्ल्यू ४.९८ टक्क्यांवर, म्हणजे सहा कोटींच्या आसपास मतदार असलेल्या देशात केवळ सुमारे ९,५०० मतांनी बाहेर राहिला. उरलेल्या ८६ टक्क्यांत ६३० जागा वाटल्या गेल्या, त्यामुळे ४३ टक्क्यांच्या थोडे वर गेलेल्या कोणत्याही जोडीला बहुमत मिळणार होते. युनियनचे २८.५ आणि एसपीडीचे १६.४ मिळून ४४.९ टक्के होतात. ही जोडी पार झाली ती या फरकामुळे. बीएसडब्ल्यूला ती साडेनऊ हजार मते मिळाली असती, तर वाटेकरी वाढले असते, या जोडीचे बहुमत गेले असते आणि युनियनचे चॅन्सेलरपदाचे उमेदवार फ्रीडरिश मेर्त्स यांना ग्रीन पक्षाच्या दारात जावे लागले असते. जर्मनीचे परराष्ट्र धोरण आणि अर्थसंकल्प एका मध्यम आकाराच्या स्टेडियममध्ये मावतील एवढ्या लोकांवर अडले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरी पायरी: बेरीज

कागदाच्या डाव्या बाजूला जागा लिहाव्यात. २३ फेब्रुवारी २०२५ च्या निकालाप्रमाणे युनियन २०८ (सीडीयू १६४, सीएसयू ४४), एएफडी १५२, एसपीडी १२०, ग्रीन ८५, डावा पक्ष ६४ आणि एसएसडब्ल्यू १. वर मोठ्या अक्षरांत ३१६ लिहावे, कारण बहुमताचा आकडा तो आहे.

मग जोड्या लावाव्यात, आणि या टप्प्यावर कोणाचा द्वेष कोणाशी हे डोक्यात आणू नये. काळा आणि निळा ३६०, बहुमत. काळा आणि लाल ३२८, बहुमत, पण फक्त १२ जागांचे अंतर. काळा आणि हिरवा २९३, अपुरे. लाल, हिरवा आणि डावा पक्ष २६९, फारच अपुरे. काळा, लाल आणि हिरवा ४१३, भरपूर. नवख्या वाचकाची चूक होते ती इथे: तो सर्वांत मोठी बेरीज निवडतो. पक्ष मात्र शक्यतो सर्वांत लहान पुरेशी बेरीज निवडतात, कारण प्रत्येक जादा भागीदार चार खाती मागतो आणि प्रत्येक निर्णयावर एक जादा स्वाक्षरी लागते.

चौथी पायरी: खोडरबर

आता न होणाऱ्या जोड्या खोडायच्या. जर्मन युत्यांचा खरा अभ्यास इथून सुरू होतो, आणि इथे आकड्यांपेक्षा आठवण जास्त कामाला येते.

पहिली जी जोडी खोडली जाते, ती आकड्यांनी सर्वांत सोपी आहे: काळा आणि निळा. एएफडीशी युती करायची नाही, या बाकी सर्व पक्षांच्या भूमिकेला जर्मनीत ‘ब्रांडमाउअर’ म्हणतात, म्हणजे घराला लागलेली आग शेजारी पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये उभारतात ती भिंत. सीडीयूने डिसेंबर २०१८ च्या हॅम्बुर्ग अधिवेशनात तसा ठरावच केला. ही भिंत नुसती बोलायची नाही, हे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. थुरिंगिया राज्यात एफडीपीचे थोमास केमेरिश एएफडीच्या मतांवर मुख्यमंत्री निवडून आले, देशभर गदारोळ झाला आणि काही दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. भिंतीला तडा गेल्याची चर्चा पुन्हा उठली ती २९ जानेवारी २०२५ रोजी, जेव्हा युनियनने स्थलांतराविषयी मांडलेला ठराव एएफडीच्या मतांच्या जोरावर ३४८ विरुद्ध ३४४ असा मंजूर झाला. दोनच दिवसांनी त्याच विषयावरचे विधेयक मात्र ३३८ विरुद्ध ३५० असे पडले. त्यानंतर मेर्त्स यांनी एएफडीशी युती करणार नाही, असे वारंवार सांगितले. तेव्हा ३६० या आकड्यावर काट मारावी, पण तो आकडा दिसत राहील इतपतच, कारण प्रत्येक निवडणुकीत तो चर्चेला येतो.

दुसरी गोष्ट, जी पुष्कळ जण विसरतात: २०१८ च्या त्याच ठरावाने सीडीयूने डाव्या पक्षाशीही युती आणि तत्सम सहकार्य नाकारले आहे. तिसरी म्हणजे व्यक्तींचे आणि प्रांतांचे नकार. २०२५ च्या प्रचारात सीएसयूचे मार्कुस झ्योडर यांनी ग्रीन पक्षाबरोबर बसायचे नाही, असा पाढा लावला होता. असल्या नकारांना खोडताना पेन्सिल हलकी धरावी, कारण गरज पडली की ते बदलतात. काळ्या-निळ्यावरची काट पेनाने मारावी, काळ्या-हिरव्यावरची पेन्सिलीने.

पूर्वी डावीकडेही अशी एक काट होती, जिने सीडीयूच्या चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांचा काळ घडवला. २००५ आणि २०१३ या दोन्ही निवडणुकांनंतर एसपीडी, ग्रीन आणि डावा पक्ष यांची बेरीज बहुमताच्या वर जात होती. २०१३ मध्ये तर ६३१ पैकी ३२० जागा या तिघांच्या होत्या आणि मेर्केल यांना ४१.५ टक्के मते मिळूनही पाच जागा कमी पडत होत्या. पण एसपीडीने राष्ट्रीय पातळीवर डाव्या पक्षाशी घर करायचे नाकारले, आणि दोन्ही वेळा मेर्केल चॅन्सेलर झाल्या. नुसती बेरीज पाहणाऱ्याला हा इतिहास कळणार नाही.

उरलेल्या जोड्यांची टोपणनावे

खोडून जे उरते, त्याला जर्मन लोक गमतीदार नावे देतात. काळा-लाल म्हणजे पूर्वापार ‘मोठी युती’, बोली भाषेत ‘ग्रोको’. हा शब्द २०१३ मध्ये जर्मनीत वर्षाचा शब्द ठरला होता. १९६६ साली ही युती पहिल्यांदा झाली, तेव्हा आधीच्या निवडणुकीत दोघांची मिळून ८६.९ टक्के मते होती; आता ४४.९ टक्क्यांच्या जोडीला ‘मोठी’ म्हणायला जर्मन पत्रकारांचीच जीभ अडखळते, म्हणून ते नुसते ‘काळे-लाल’ म्हणतात. लाल-पिवळा-हिरवा म्हणजे ‘आम्पेल’, रस्त्यावरचा सिग्नल. काळा-पिवळा-हिरवा म्हणजे जमैका, काळा-लाल-हिरवा म्हणजे केनिया आणि काळा-लाल-पिवळा म्हणजे खुद्द जर्मनी, सगळे त्या त्या देशांच्या झेंड्यांवरून. २०२४ अखेर थुरिंगियात सीडीयू, बीएसडब्ल्यू आणि एसपीडी एकत्र आले, तेव्हा झेंडा सापडेना, मग त्यांना ‘ब्रोम्बेर’ म्हणजे ब्लॅकबेरीची युती म्हटले गेले. जमैका राष्ट्रीय पातळीवर कधीच झाली नाही, पण श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात २०१७ ते २०२२ ती नीट चालली. राज्यांत आधी करून पाहायचे आणि मग बर्लिनमध्ये विचार करायचा, ही जर्मन पक्षांची जुनी सवय आहे.

पाचवी पायरी: चाचपणी आणि करार

निकालानंतरच्या बातम्या वाचताना आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे कळले, तर निम्मा गोंधळ मिटतो. आधी ‘झोंडीरुंग’ होते, ज्याला मराठीत चाचपणी म्हणणे अगदी बरोबर बसते. मोजके नेते बंद दाराआड बसतात आणि पुढे बोलण्यात अर्थ आहे का, एवढेच पाहतात. त्यातून काही पानांचे टिपण निघते. मग खऱ्या वाटाघाटी सुरू होतात, विषयवार कार्यगट बसतात, आणि शेवटी युतीचा करार तयार होतो. २०२५ मध्ये चाचपणीचे टिपण ८ मार्चला आले आणि ‘जर्मनीची जबाबदारी’ अशा आशयाच्या मथळ्याचा १४४ पानी करार ९ एप्रिलला.

या टप्प्यावर काय काय होऊ शकते, याची दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत. २०१७ मध्ये जमैकासाठी चार आठवडे चाचपणी चालली. १९ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास एफडीपीचे क्रिस्टियान लिंडनर बाहेर आले आणि चुकीचे राज्य करण्यापेक्षा राज्य न केलेले बरे, असे सांगून निघून गेले. मग राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी विरोधी बाकांवर बसायचे ठरवलेल्या एसपीडीची समजूत काढली आणि निवडणुकीनंतर १७१ दिवसांनी मेर्केल यांचे चौथे सरकार आले. २०२१ मध्ये उलट घडले. त्या वेळी एसपीडी आणि युनियन या दोघांनाही ग्रीन आणि एफडीपी हवे होते, म्हणजे किल्ली धाकट्या दोघांच्या हातात होती. त्यांनी थोरल्यांना वाट पाहायला लावून आधी आपसात बोलणी केली आणि चार नेत्यांनी एकत्र काढलेला सेल्फी सारख्याच मजकुरासह आपापल्या इन्स्टाग्राम खात्यांवर टाकला. पहिल्या क्रमांकाच्या पक्षानेच बोलणी सुरू करावी, असा कोणताही नियम जर्मन राज्यघटनेत नाही, हे त्या एका छायाचित्राने सर्वांना शिकवले.

करार झाला तरी तो पक्षांकडून मंजूर व्हावा लागतो आणि इथे एसपीडीची पद्धत निराळी आहे. २०१३ पासून मोठ्या युतीत जाण्याआधी हा पक्ष आपल्या सर्व सदस्यांचे मत घेतो. २०१८ मध्ये ६६ टक्के सदस्य हो म्हणाले, २०२५ मध्ये ८४.६ टक्के. सीएसयूच्या कार्यकारिणीने तोच करार एका दिवसात मान्य केला. तोपर्यंत जुनेच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून काम करत राहते, त्यामुळे देश कोणी चालवत नाही अशी स्थिती येत नाही.

सहावी पायरी: चॅन्सेलरची निवड

महाराष्ट्रातल्या वाचकाला सर्वांत वेगळी वाटावी अशी ही पायरी आहे. आपल्याकडे राज्यपालांना पाठिंब्याची पत्रे देतात, शपथविधी होतो आणि बहुमत मागाहून सभागृहात सिद्ध करायचे असते. नोव्हेंबर २०१९ मधला पहाटेचा शपथविधी त्यामुळेच शक्य झाला. जर्मनीत क्रम उलटा आहे. घटनेच्या ६३ व्या कलमाप्रमाणे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, बुंडेस्टाग चर्चा न करता गुप्त मतदान करते, आणि उपस्थितांच्या नव्हे तर एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने, म्हणजे आज ३१६ मतांनी, निवडून आल्यावरच नेमणूक आणि शपथ होते. शिवाय तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. मत गुप्त असल्यामुळे आपला कोण फिरला, हे पक्षाला कधीच कळत नाही.

६ मे २०२५ च्या सकाळी हे सगळे एका झटक्यात समोर आले. युतीकडे ३२८ खासदार होते, पाहुण्यांच्या सज्जात अँगेला मेर्केल येऊन बसल्या होत्या, मंत्र्यांच्या शपथविधीची वेळ ठरलेली होती. सभागृहाच्या अध्यक्ष युलिया क्लोकनर यांनी आकडे वाचले: बाजूने ३१०, विरोधात ३०७. मेर्त्स यांना सहा मते कमी पडली होती. होणारा चॅन्सेलर पहिल्या फेरीत पडल्याची घटना प्रजासत्ताकाच्या इतिहासात त्याआधी कधी घडली नव्हती. खुद्द आडेनाउअरही १९४९ मध्ये एका मताने का होईना, पण पहिल्याच फेरीत निवडून आले होते.

त्यानंतरचे काही तास नवख्या अभ्यासकाने बारकाईने पाहावेत. घटना पुढच्या फेरीसाठी १४ दिवस देते, त्यामुळे घाई करायची सक्ती नव्हती. परंतु त्याच दिवशी पुन्हा मतदान घ्यायचे, तर सभागृहाच्या नियमांतील मुदत कमी करायला दोनतृतीयांश मते लागत होती आणि ती ग्रीन व डाव्या पक्षाखेरीज जमत नव्हती. ज्या डाव्या पक्षाशी सहकार्य करायचे नाही, असा सीडीयूचा ठराव होता, त्याच्याशीच युनियनला त्या दुपारी बोलावे लागले. दुसऱ्या फेरीत मेर्त्स यांना ३२५ मते पडली. म्हणून युतीच्या बेरजेपुढे नेहमी एक कंस करावा आणि त्यात ३१६ च्या वर किती जागा शिल्लक आहेत, ते लिहावे. हा आकडा १२ असेल, तर सरकार चालवणाऱ्याला प्रत्येक महत्त्वाच्या मतदानाआधी डोकी मोजावी लागतात.

सातवी पायरी: करारात कोणी काय मिळवले

खातेवाटप पाहिल्याशिवाय युती कळत नाही. ५२ टक्के जागांच्या या सरकारात युनियनने चॅन्सेलरपद घेतले. १७ मंत्रिपदांपैकी सीडीयूला ७, एसपीडीला ७ आणि सीएसयूला ३ मिळाली. पहिल्यापेक्षा बाराएक टक्के मागे असलेल्या एसपीडीने अर्थ आणि संरक्षण ही दोन्ही वजनदार खाती राखली आणि त्याचे लार्स क्लिंगबाइल अर्थमंत्री व उपचॅन्सेलर झाले. पर्याय कमी असलेल्याला सौदा महाग पडतो, हे कोणत्याही मंडईत दिसते. काळ्या-निळ्यावर काट मारल्यामुळे युनियनकडे एसपीडीखेरीज दोन पक्षांचे दुसरे गणितच नव्हते आणि एसपीडीला ते पुरेपूर ठाऊक होते.

तडजोड कशी दिसते, ते जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना थेट लागू होणाऱ्या एका कायद्यावरून पाहू. २०२१ च्या त्या बोलण्यांतून आलेल्या एसपीडी, ग्रीन आणि एफडीपी यांच्या आम्पेल सरकारने जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ आठवरून पाच वर्षांवर आणला, विशेष पात्रता असलेल्यांना तीन वर्षांतच वाट मोकळी केली आणि जर्मनीच्या बाजूने दुहेरी नागरिकत्वही मान्य केले (भारताचा कायदा ते मान्य करत नाही, त्यामुळे भारतीयांना त्याचा उपयोग नाही). युनियनने प्रचारात या सगळ्याला विरोध केला होता. करारात काय झाले? तीन वर्षांची वाट युनियनने बंद करून घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती बंद झाली. पाच वर्षांचा नियम आणि दुहेरी नागरिकत्व एसपीडीने राखले. कराराच्या १४४ पानांत जिथे जिथे अशी अर्धी-अर्धी वाटणी दिसेल, तिथे कोणते अर्धे कोणाचे, ते समासात लिहावे. वर्षभरानंतर भांडण कुठे होईल, ते तिथूनच कळते.

कराराच्या शेवटच्या पानांवर कार्यपद्धतीची कंटाळवाणी कलमे असतात, ती मात्र वाचायचीच. त्यात असते की युतीचे पक्ष सभागृहात एकत्र मतदान करतील, सोयीप्रमाणे दुसऱ्यांची मते घेऊन बहुमत जमवणार नाहीत, आणि अडले तर युती समितीत बसतील. राज्यांच्या युत्यांच्या करारांत याच अर्थाचे आणखी एक कलम असते: भागीदारांत मतभेद झाला, तर राज्याने बुंडेसरात या राज्यांच्या सभागृहात तटस्थ राहावे. तिथे ६९ पैकी ३५ मते बाजूने पडल्याशिवाय ठराव होत नाही, म्हणजे तटस्थ राहणे आणि विरोध करणे यांत फरक उरत नाही. बर्लिनमध्ये बहुमत असलेले सरकार एखाद्या विधेयकावर अचानक मवाळ का होते, याचे उत्तर पुष्कळदा या कलमात असते.

आठवी पायरी: युती मोडते कशी

जर्मन घटनेने सरकार पाडणे मुद्दाम अवघड केले आहे. ६७ व्या कलमाप्रमाणे चॅन्सेलरला हटवायचे, तर त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. नुसते ‘हा नको’ चालत नाही. या रचनात्मक अविश्वास ठरावाचा प्रयोग दोनदाच झाला. १९७२ मध्ये युनियनचे राइनर बार्त्सेल यांना चॅन्सेलर विली ब्रांट यांच्याविरुद्ध २४९ ऐवजी २४७ मते पडली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी मात्र एफडीपीने बाजू बदलली आणि २५६ मतांनी हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले. निवडणूक न होता सरकार बदलल्याचा तो धडा एफडीपीच्या गळ्यात पुढे कित्येक वर्षे घंटेसारखा वाजत राहिला.

दुसरी वाट विश्वासदर्शक ठरावाची. आम्पेलचा शेवट तिने झाला, पण तडा आधी गेला होता. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घटना न्यायालयाने हवामान निधीकडे वळवलेले ६० अब्ज युरो घटनाबाह्य ठरवले. ज्या पैशावर तीन पक्षांची तडजोड उभी होती, तोच गेल्यावर एसपीडी आणि ग्रीन कर्ज काढायला म्हणत होते आणि लिंडनर नाही म्हणत होते. ६ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी एसपीडीचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकले. १६ डिसेंबरला त्यांनी विश्वासदर्शक ठराव हरण्यासाठीच मांडला: बाजूने २०७, विरोधात ३९४, तटस्थ ११६. मग राष्ट्राध्यक्षांनी संसद विसर्जित केली. असे विसर्जन राष्ट्राध्यक्षांच्याच हातात असते आणि पुढे ६० दिवसांत निवडणूक घ्यावी लागते.

शेवटची पायरी: पुढच्या रविवारचा कागद

निवडणूक दूर असतानाही जर्मन संस्था ‘येत्या रविवारी मतदान असते तर’ असा प्रश्न विचारून आकडे प्रसिद्ध करत असतात, आणि सरावाला ते उत्तम असतात. आधी ५ टक्क्यांखालच्या सर्व पक्षांची बेरीज करून १०० मधून वजा करावी. उरलेल्याचे निम्मे म्हणजे बहुमताचा टक्का. जो पक्ष साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान आहे, त्याच्यासाठी हिशेब दोनदा करावा, एकदा आत धरून आणि एकदा बाहेर धरून. दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर त्या पाहणीवरून युतीचा अंदाज बांधू नये.

त्यानंतर आणखी एक आकडा काढावा, जो पाहण्या करणारे क्वचितच काढतात: दोनतृतीयांशचा. घटनादुरुस्तीला तो लागतो. २०२५ च्या सभागृहात तो ४२० आहे आणि युनियन, एसपीडी व ग्रीन मिळून ४१३ होतात. सात जागा कमी. मेर्त्स यांनी संरक्षणखर्चासाठी कर्जमर्यादा सैल करणारी आणि ५०० अब्ज युरोंचा निधी उभारणारी घटनादुरुस्ती नव्या संसदेची बैठक होण्याच्या एक आठवडा आधी, १८ मार्च २०२५ रोजी, मुदत संपत आलेल्या जुन्या संसदेकडूनच करून घेतली, ती या सात जागांपायी. नव्या सभागृहात त्या कामासाठी एकतर एएफडी लागतो किंवा डावा पक्ष, आणि २०१८ चा हॅम्बुर्गचा ठराव या दोघांच्याही नावाने केलेला आहे.